डावीकडं, खाली

रोहिणी आडनाईकनं तक्रार लिहून दिली:
रिव्हॉल्व्हर नंबर सतरा,
गोळ्या डावीकडं, खाली जातात,
नळी तपासावी.
अक्षर गोल, सही ठसठशीत,
तारीख घालायला विसरली.

एकतीस वर्षं मी हेच करतोय,
दस्तगीर मुजावर, आर्मरर, पोलीस मुख्यालय, कोल्हापूर.
तक्रार येते ती बहुतेकदा हत्याराची नसते,
तरी मान डोलावली
आणि सतराला टेबलावर घेतलं.

सिलिंडर हलवून बघितला, खुळखुळ नाही.
नळी आणि घरांच्या मधल्या फटीत पत्ती सरकवली,
उद्यमनगरात एका लेथवाल्यानं घासून दिलेली, केसाएवढी.
बसायला हवी तेवढीच बसली.
नळीच्या तोंडाशी नख फिरवलं, कुठं कंगोरा नाही.
घोडा हळू ओढत एकेक घर मोजलं,
सहाही घरं वेळेवर दारात.
मग वाळूच्या पिशवीवर टेकवून पाच गोळ्या झाडल्या.
पाचही भोकं
चहाच्या बशीखाली झाकली.

"नळी सरळ हाय," मी म्हटलं.
तिला ते आवडलं नाही.

रेंजवर पाठ फिरवून चार काडतुसं भरली,
दोन घरं रिकामी सोडली, सिलिंडर फिरवला,
न सांगता तिच्या हातात दिलं.
पहिला बार. दुसरा बार.
तिसऱ्याला नुसतं टक्.
आणि त्या टक्‌वर, धूर नाही, धक्का नाही,
सतराचं तोंड गेलं डावीकडं, खाली,
उगारलेला हात बघून
पोरानं मान घालावी तसं.

ती सतराकडं बघत राहिली.
मातीच्या बांधावर दोन साळुंक्या
परत येऊन बसल्या.

"सकाळी काय करतीस?"
"धारा काढतो की, चाचा. ड्यूटीआधी तीन म्हशी.
गंगावेशीत कट्ट्यावर जातंय आमचं दूध."
"दाखव."
तिनं हवेत मूठ धरली,
बोटं आवळत गेली, पहिल्यापासनं करंगळीपर्यंत,
मनगट खाली ओढलं.
एवढी सुंदर मूठ मी मुख्यालयात बघितली नव्हती.
"ह्येच. हितं बी तू धारच काढतीस."

मग तीन आठवडे रिकामं सतरा.
नळीवर, माशीच्या मागं, एक रुपया आडवा.
तो पडला की पुन्हा पहिल्यापासनं.
तीन बोटं झोपलेली, एकच जागं,
आणि तेही भिंतीला ओल चढावी
इतक्या सावकाश.
"ओढायचं किती, चाचा?"
"ओढत ऱ्हायचं. कधी सुटली
ते तुलाच कळता कामा नये."
"आमची मोरी पाडव्याला
फुटक्या सायलेन्सरच्या गाडीमागं पळतीया, शिंगांना मोरपिसं लावून.
कान बी हलवत नाही."
"तिच्याकडनं शिक मग."

चौथ्या सोमवारी जिवंत काडतुसं, सहाच्या सहा.
पुठ्ठ्याच्या माणसाच्या छातीवर
सहा भोकं, एकमेकांना चिकटून.
काही बोलली नाही. केस कानामागं सारले.

"मोरी पान्हा सोडंना," जाताना म्हणाली,
"चार दिस झालं. कासेला हात लावला की
ह्ये बोट तेवढं एकटंच ऱ्हातंय बाजूला.
तिला कळतंय."
हसलो दोघंही.

दारापर्यंत गेली आणि मागं वळली.
"चाचा, समोर खरा माणूस आला तर?
तवा बी असंच?
कधी सुटली
ते मला कळता कामा नये?"

मी वही उघडली.
नंबर सतरा. नळी सरळ. दोष नाही.
तिच्या तक्रारीवर राहिलेली तारीख
माझ्या हातानं घातली.
बाहेर परेडची शिट्टी झाली,
ती अजून दारातच.

मी चिंधी घेतली, तेल घेतलं,
सतरा पुसायला लागलो.
ते मघाशीच पुसून ठेवलं होतं.